वाळूच्या टेकडीवर स्नोबोर्ड दर खेपेला मध्येच का रुततो?

तक्रार बहुतेकांची एकच असते. बर्फावर सुळकन निघणारा बोर्ड वाळूच्या टेकडीवर चढवून नेला, माथ्यावर बसून बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधायचे पट्टे) आवळली, उठून अंग उताराकडे झोकलं आणि बोर्ड दोन-तीन मीटर खरडत जाऊन थांबला. जागेवर उड्या मारल्या की हातभर सरकतो, पुन्हा थांबतो. कुणीतरी मेण लावायला सांगतं. मेण लावल्यावर पहिली खेप बरी जाते, दुसऱ्या खेपेला अर्ध्यावर अडतो, तिसऱ्या खेपेला परत मूळ पदावर.

ही अडचण सुटल्यासारखी वाटून पुन्हा उभी राहते, कारण रुतण्याची कारणं चार-पाच आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. त्यातल्या एकावर इलाज केला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मी पहिला अख्खा मोसम तंत्र सुधारण्यात घालवला. गुडघे वाकव, वजन मागे घे, नजर लांब ठेव. फरक पडला, पण थोडाच. खरी खोट तळात होती. आता माझं ठाम मत झालंय की स्नोबोर्ड वाळूवर अडत असेल तर आधी बोर्डाचा तळ तपासावा, मग उतार, मग वाळूतली ओल, आणि या तिन्हींतून काही हाती लागलं नाही तरच स्वतःच्या तंत्राकडे बघावं.

आधी मागचा माग पाहा

बोर्ड थांबला की लगेच ढकलायला जाऊ नका. बाइंडिंग सोडा, बाजूला दोन पावलं सरका आणि मागे उमटलेला पट्टा निवांत बघा. वाळूवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त वारा यायच्या आत वाचावं लागतं.

पट्टा बोर्डाच्या रुंदीइतका, सपाट आणि उथळ असेल, दोन्ही कडांना वरंबे उठलेले नसतील, तर बोर्ड रुतलेला नाही. तो नुसत्या घर्षणाने थांबलाय. म्हणजे तळ तरी खरखरीत आहे किंवा उतार तरी कमी आहे.

पट्टा सुरुवातीला उथळ आणि पुढे खोल होत गेलेला असेल आणि नाकासमोर ओंजळभर का होईना वाळू साचली असेल, तर बोर्डाचं नाक नांगर झालं होतं. हा ढीग वाईट असतो. तो एकदा धरला की नाक आणखी खाली दाबलं जातं, नाक खाली गेलं की ढीग वाढतो, आणि दोन मीटरांत खेळ आटोपतो.

पट्ट्याच्या एका बाजूला बोटभर खोल चर आणि दुसरी बाजू जेमतेम उमटलेली असेल, तर पोलादी कड वाळूत घुसली. बर्फावरून आलेल्या लोकांच्या बाबतीत हा माग फार दिसतो, त्याबद्दल पुढे सांगते.

आणि पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर खळगे असतील तर ते तुम्ही मारलेल्या उड्यांचे आहेत. प्रत्येक उडीने खालची वाळू दबते आणि बोर्डापुढे छोटा उंबरठा तयार होतो. पुढच्या वेळी आधी तो उंबरठा ओलांडायचा, मग सरकायचं. उड्या मारणं थांबवा, एवढाच उपाय.

एका सकाळी मी हे सगळं पाहिलं आणि माझा माग पहिल्या प्रकारचा निघाला: सपाट, उथळ, स्वच्छ. नाकापुढे ढीग नाही, कडेला चर नाही. बोर्ड उलटा करून मांडीवर घेतला. नाकाकडचा भाग तुकतुकीत होता, मेण जसंच्या तसं. पण जिथे पाय बांधलेले असतात त्याच्या बरोबर खाली दोन पांढुरके, निस्तेज डाग पडले होते, बुटाच्या तळव्यापेक्षा थोडे मोठे. बोट फिरवलं तर तिथे बारीक खरखर लागली, आणि बोट उचलल्यावर टोकाला वाळूचे दोन-तीन कण चिकटलेले. पोलादी कड आणि प्लॅस्टिकचा तळ जिथे मिळतात त्या फटीतही कण ओळीने बसले होते, दातात अडकल्यासारखे. सगळं वजन पायांखाली असतं, म्हणून मेण तिथलंच आधी उडतं. मी तोवर मेण घासत होते ते मुख्यतः नाकावर, कारण पुढे तेच जातं असं वाटायचं. त्या दिवसापासून पायांखाली दुप्पट मेण घासते, आणि दुसरी खेप पहिल्यासारखी जायला लागली.

बर्फ वितळतो, वाळू वितळत नाही

तळ इतका महत्त्वाचा का, हे समजलं की पुढचे निम्मे प्रयोग करायचे वाचतात.

बर्फावर बोर्ड घसरतो तेव्हा तळाशी घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि बर्फाचा अगदी पातळ थर पाणी होतो. बोर्ड खरं तर त्या पाण्याच्या पापुद्र्यावरून घसरत असतो. त्यामुळे मेण लावलेल्या तळाचं बर्फावरचं घर्षण फारच कमी असतं. स्नोबोर्डाचा तळ याच कामासाठी बनवलेला आहे: पॉलिइथिलिनचा, पाणी धरून न ठेवणारा, आणि चांगल्या बोर्डांमध्ये मेण शोषून घेणारा सच्छिद्र.

वाळूवर हे काहीच घडत नाही. बहुतेक टेकड्यांची वाळू क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. पाण्याचा पापुद्रा नाही, तळाखाली नुसते कोरडे कण. वर क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ७ आहे, म्हणजे काचेवर ओरखडा काढण्याइतका. मऊ प्लॅस्टिकवर असे लाखो कण वजनाखाली फिरले की ते तळात बारीक चर पाडतात, काही कण तळातच अडकून बसतात, आणि मग वाळू वाळूवर घासली जाते. वाळूसाठी बनवलेल्या बोर्डांचा तळ म्हणूनच वेगळा असतो: टेबलाच्या वर लावतात तसल्या कडक, गुळगुळीत लॅमिनेटचा, आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो त्या जातीचा. त्यात कण रुतत नाहीत, वर वर लोळून निघून जातात. त्या बोर्डांना पोलादी कडाही नसतात.

अमेरिकेतल्या दोन राष्ट्रीय उद्यानांची तुलना मला फार बोलकी वाटते. न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्समध्ये लोक बर्फावर खेळायच्या साध्या प्लॅस्टिकच्या थाळ्या मेण लावून सर्रास वापरतात आणि त्या चालतात. कोलोरॅडोमधल्या ग्रेट सँड ड्यून्समध्ये मात्र उद्यानाचा स्पष्ट सल्ला आहे की स्नोबोर्ड, स्की किंवा प्लॅस्टिकच्या थाळ्या कोरड्या वाळूवर सरकत नाहीत, वाळूसाठीच बनवलेला बोर्ड घ्या. एकाच जातीची थाळी एका ठिकाणी सरकते, दुसऱ्या ठिकाणी अडून बसते. व्हाइट सँड्सची वाळू क्वार्ट्झची नाही, जिप्समची आहे. जिप्समचा कठीणपणा २, नखानेही ओरखडा पडतो. शिवाय तिथे भूजल फार वर आहे, त्यामुळे पृष्ठभागाखाली लगेच ओल लागते आणि ती वाळू उन्हातही फारशी तापत नाही. म्हणून कुणाचा व्हिडिओ बघून "त्याचा चालतो, माझा का नाही" असं वाटलं तर आधी त्याच्या पायाखालची वाळू कसली आहे ते विचारा.

काटा लावून मोजा

"उतार पुरेसा आहे का" या प्रश्नावर वाद घालण्यात अर्थ नाही, तो मोजता येतो. प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा, एक दोरी आणि वाळू भरलेली पिशवी एवढं पुरतं.

पिशवी आणि बोर्ड मिळून २० किलो भरतील असं करा. पिशवी बोर्डाच्या मध्याच्या जरा मागे ठेवा. टेकडीच्या पायथ्याशी सपाट, भुसभुशीत वाळूवर बोर्ड ठेवून नाकाला दोरी बांधा, दोरीला काटा अडकवा आणि जमिनीला समांतर, हळू, एकाच वेगाने ओढा. हललेल्या क्षणी काटा उंच उडी घेतो, तो आकडा सोडा. बोर्ड चालता असताना जो आकडा स्थिर दिसतो तो घ्या. समजा काटा ११ किलो दाखवतोय. ११ भागिले २० म्हणजे ०.५५. हा झाला घर्षणाचा गुणांक. ज्या कोनाचा टँजंट ०.५५ येतो तो कोन सुमारे २९ अंश. म्हणजे २९ अंशांपेक्षा कमी उतारावर हा बोर्ड वेग घेणार नाही, तुम्ही कितीही कसलेले असा. मेण लावून पुन्हा ओढलं आणि काटा ८ वर आला, तर गुणांक ०.४ आणि कोन सुमारे २२ अंश.

आता दुसरी बाजू. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी राहतच नाही, त्यापलीकडे ती स्वतःच ढासळते. म्हणून "अजून उभा उतार शोध" या सल्ल्याला मर्यादा आहे. जगातल्या कुठल्याही कोरड्या टेकडीवर तुम्हाला ३०-३४ अंशांच्या आसपासच खेळायचंय. तुमचा गुणांक ०.६ च्या वर येत असेल तर तुमच्याकडे दोन-तीन अंशांचीच सवड उरते, आणि तीही टेकडीच्या वरच्या भागात. तिथे तंत्र काय करणार?

उताराचा कोन फोनवरच्या कोनमापकाने घ्या. बोर्ड उतारावर आडवा न ठेवता थेट उताराच्या दिशेने उभा ठेवा आणि त्यावर फोन. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका. माथ्यावरून खाली पाहताना २५ अंशही कड्यासारखे वाटतात.

कुठल्या बाजूने उतरायचं हेही इथेच ठरतं. टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांबट, दबलेली आणि मंद चढाची असते. वाऱ्याआडची बाजू उभी आणि भुसभुशीत, कारण वाऱ्याने माथ्यावरून लोटलेली वाळू तिथे कोसळत राहते. चढायचं पहिल्या बाजूने किंवा धारेवरून, उतरायचं दुसऱ्या बाजूने. धारेपलीकडे काय आहे हे दिसत नाही, तेव्हा उतरण्याआधी पलीकडे डोकावून माणसं, झुडपं आणि गाड्या आहेत का ते पाहून घ्या. वाळूत धरून राहिलेलं गवत आणि झुडपं तुडवू नका, टेकडी त्यांच्या मुळांनी बांधलेली असते.

मेण: कुठलं, किती, केव्हा

मेणाबद्दलची पहिली गैरसमजूत म्हणजे ते एकदा लावलं की दिवसभर पुरतं. बर्फावर पुरत असेल, वाळूवर मेण हे प्रत्येक खेपेचं काम आहे. चढून वर आलात की श्वास जागेवर येईपर्यंत बोर्ड उलटा करून मेण घासायचं, हा क्रम अंगवळणी पाडा.

दुसरी गोष्ट मेणाच्या जातीची. स्नोबोर्डाचं मेण तापमानानुसार मिळतं. उबदार, ओलसर बर्फासाठीचं मेण मऊ असतं, कडक थंडीतल्या बर्फासाठीचं मेण कठीण असतं. वाळू गरम आहे म्हणून लोक उबदार हवेचं मेण उचलतात आणि नेमके फसतात. मऊ मेणात वाळूचे कण रुतून बसतात आणि तळाचा पॉलिश पेपर होतो. घ्यायचं ते सर्वांत कठीण मेण, म्हणजे वेष्टनावर सर्वांत थंड तापमान लिहिलेलं, किंवा वाळूच्या बोर्डासाठीच बनवलेलं. काहीच नसेल तर साधी पॅराफिनची मेणबत्तीही वेळ मारून नेते.

आदल्या दिवशी घरी इस्त्रीने मेण मुरवून घ्या. तळ आधी कोरड्या ब्रशने झाडा, कड आणि तळ यांच्या फटीतले कण दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा, मग कापडाने पुसा. कणांवर मेण ओतलं तर ते कण कायमचे डांबले जातात. कठीण मेणाचा पातळ थर इस्त्रीने पसरा, पूर्ण थंड होऊ द्या, प्लॅस्टिकच्या पट्टीने जास्तीचं खरवडून काढा, आणि हेच आणखी दोनदा करा. जाड थर ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा, जाड थर पहिल्या दहा मीटरांत वळ्या होऊन निघतो आणि जाताना वाळू गोळा करतो.

टेकडीवर मात्र थंड मेण नुसतं घासायचं. आधी तळ तळहाताने पुसून घ्या. हाताला एकही कण लागत नाही इथपर्यंत पुसा, मग मेणाची वडी नाकाकडून शेपटीकडे ओढा. पायांखालच्या दोन पट्ट्यांवर दुप्पट. शेवटी बुचाच्या तुकड्याने किंवा जाड कापडाने चमक येईपर्यंत घोटा. एवढं करायला दोन-तीन मिनिटं लागतात.

तेल, ग्रीस, सिलिकॉनचा फवारा, भांडी घासायचं साबणपाणी, हे सगळं कुणी ना कुणी सुचवतंच. ओलसर किंवा चिकट असं काहीही तळाला लावू नका. पहिल्या मीटरला बोर्ड भन्नाट निघतो आणि दुसऱ्या मीटरला तळाला वाळूचा लेप बसलेला असतो.

उष्णतेचा हिशेबही इथेच येतो. पॅराफिन त्याच्या प्रतीनुसार साधारण ४६ ते ६८ अंशांदरम्यान वितळतं. ग्रेट सँड ड्यून्समध्ये उन्हाळ्याच्या दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. म्हणजे दुपारी तुम्ही तळाला लावलेलं मेण वाळूला टेकताच मऊ पडणार. सकाळी छान चालणारा बोर्ड बारा वाजता अडायला लागला तर बोर्डात नवं काही बिघडलेलं नसतं, मेण मऊ झालेलं असतं. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तेवढ्या तापलेल्या वाळूवर पाय भाजतात, तेव्हा हा सल्ला केवळ बोर्डासाठी नाही.

नाक आणि कडा

तुमचा माग दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा असेल तर आता तंत्राकडे वळा.

नाक रुतत असेल तर बाइंडिंग मागे सरकवा. बहुतेक स्नोबोर्डांवर बाइंडिंगसाठी भोकांच्या जोड्या किंवा खाच असते. दोन्ही बाइंडिंग एक-दोन भोकं शेपटीकडे घ्या, खोल भुशासारख्या बर्फात घेतात तशी. वजन मागच्या पायावर जास्त ठेवा, पण पाठ मागे टाकून नव्हे, मागचा गुडघा वाकवून. कंबर मागे कलंडली की पुढचा पाय हलका होतो आणि बोर्ड वळायचं नावच घेत नाही. टोकं वर उचललेल्या घडणीचा, म्हणजे रॉकर असलेला बोर्ड इथे उजवा ठरतो. मध्यभागी कमानीसारखा उचललेला कॅम्बर बोर्ड दोन टोकांवर भार देतो, म्हणजे नेमकं नाकच वाळूत दाबतो.

कडेची गोष्ट सवयीची आहे. बर्फावर वेग कमी करायचा तर बोर्ड आडवा घालून कड रोवायची, हे शरीराला पाठ झालेलं असतं. वाळूत तसं केलं की कड बर्फासारखी कापत जात नाही, घुसते आणि तिथेच धरते. बोर्ड थांबतो, माणूस थांबत नाही. मोठी वळणं घ्या, बोर्ड शक्य तितका सपाट ठेवा, वळण मागच्या पायाने ढकलून आणा. कड फक्त सुचवण्यापुरती कलवायची. वेग कमी करण्यासाठी उताराच्या आडवं जात राहणं पुरतं, वाळूचं घर्षण बाकीचं काम करतं. पडायचंच झालं तर मागे बसून पडा, हात टेकून नाही. मनगटं वाळूतही मोडतात.

सुरुवात माथ्यावरून, अर्धा बोर्ड हवेत तरंगत असेल अशी करा. स्थिर बोर्डाला हलवायला चालत्या बोर्डापेक्षा जास्त जोर लागतो, काट्याने घेतलेली ती पहिली उडी आठवा. पहिल्या चार-पाच मीटरांत वळायच्या भानगडीत पडू नका. सरळ उताराच्या दिशेने खाली सोडा, वेग आला की मग वळा. मध्येच थांबलात तर तिथून रेटारेटी करण्यापेक्षा बाइंडिंग सोडून बोर्ड उचला, तळ हाताने पुसा, दोन पावलं बाजूच्या न तुडवलेल्या वाळूवर ठेवा, आणि मग निघा.

पायथ्याशी एक जागा हमखास दगा देते. उभा उतार संपून सपाट, दबलेली जमीन लागते तिथे बोर्ड अचानक धरला जातो. त्या रेषेच्या तीन-चार मीटर आधीच वजन आणखी मागे घ्या आणि नाक मोकळं ठेवा.

ओल

ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन यांच्या गटाने २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कोरड्या वाळूवरून घसरगाडी ओढली की पुढे वाळूचा ढीग साचतो. वाळूत नेमकं तेवढंच पाणी मिसळलं की कण एकमेकांना धरून राहतात, ढीग साचत नाही आणि ओढायला लागणारा जोर निम्म्यापर्यंत खाली येतो. पाणी आणखी वाढवलं की जोर पुन्हा वाढतो. प्राचीन इजिप्तमध्ये अवजड पुतळे ओढताना गाडीपुढे पाणी ओतत असल्याचं चित्र आहे, त्याच्याशी त्यांनी हे जोडून दाखवलं.

आपल्यापुरता अर्थ असा की स्नोबोर्ड आहे तसा वापरायचा असेल तर पावसानंतरची किंवा बर्फ वितळल्यानंतरची सकाळ गाठा. चांगली भिजून दबलेली वाळू स्नोबोर्डाच्या तळालाही सरकू देते. पण मूठभर वाळू घेऊन दाबून बघा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला आणि हाताला पाणी लागलं नाही, तर जा. बोटांमधून पाणी निथळलं तर थांबा. आणि लाडू धरतच नाही अशी जेमतेम दमट वाळू सर्वांत चिवट, तिचे कण तळाला चिकटतात. भिजलेली वाळू पडल्यावर लागते फार, कोरडीसारखी झेलत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

एवढं करूनही अडत असेल तर

मग तळच बदलायचा. हे काम मी जुन्या, कडा झिजलेल्या बोर्डावर केलं. चांगल्या बोर्डावर करू नका, तो पुन्हा बर्फावर चालणार नाही.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच मीही केला: तळावर गोंदाने सनमायका चिकटवला. दुसऱ्या खेपेला नाकाकडून तो पापडासारखा सुटून आला. पॉलिइथिलिनला गोंद धरत नाही, त्याचा स्वभावच तसा आहे, म्हणून तर त्याला बर्फ चिकटत नाही. प्लॅस्टिकचा तळ पूर्ण काढावा लागतो, खालचा काचतंतूंचा थर दिसेपर्यंत. हीट गनने हळूहळू गरम करून सोलायचा, उरलेलं सँडरने काढायचं, तोंडाला चांगला मास्क लावून, कारण काचतंतूंची धूळ फुप्फुसात जाते. पोलादी कडाही तेव्हाच निघतात. मग सुमारे १ मिलिमीटर जाडीचा कडक लॅमिनेट इपॉक्सीने बसवायचा आणि पूर्ण लांबीभर शिकंजे लावून दिवसभर दाबून ठेवायचा. नाक आणि शेपटीच्या वळणावर लॅमिनेट तडकतो. तिथे हीट गनने शेकत शेकत वाकवावा लागतो, आणि घाई केली की भेग. माझी एक पट्टी अशीच वाया गेली. किनार बोर्डाच्या काठाबरोबर कानशीने गोल करा, टोकदार ठेवलीत तर ती कडेसारखीच रुतते.

त्या बोर्डाला काटा लावला तेव्हा मेणाशिवायसुद्धा आकडा माझ्या मेण लावलेल्या स्नोबोर्डापेक्षा खाली होता. मेण मात्र यालाही प्रत्येक खेपेला लागतं. २०१० मध्ये हेन्रिक माय यांनी नामिबियात वाळूवरून स्कीवर ताशी ९२.१२ किलोमीटर वेग गाठला होता, तेव्हा वाळूवर वेग येत नाही असं कुणी म्हणू नये.

हे सगळं नको असेल तर वाळूचा बोर्ड भाड्याने घ्या. नामिबियातलं स्वाकोपमुंड, पेरूमधलं वाकाचिना अशा ठिकाणी तो तिथेच मिळतो. जर्मनीत हिर्शाऊला केओलिनच्या खाणीतून निघालेल्या क्वार्ट्झ वाळूचा मोंटे काओलिनो नावाचा डोंगर आहे, तिथे तर वर न्यायला लिफ्टही आहे. एक दिवस त्या बोर्डावर घालवलात की तुमच्या बोर्डात नेमकं काय कमी आहे हे पायांना कळतं.

बाइंडिंग आणि घरी आल्यावर

बाइंडिंगच्या दातेरी पट्ट्यांत वाळू गेली की कुलूप अर्ध्यावर अडतं किंवा उतारावर सुटतं. पट्टी बोर्डावरून काढून झटका, कोरड्या ब्रशने झाडा. तेल अजिबात नको. वंगण हवंच असेल तर वाळून कोरडं होणारं घ्या. स्क्रू दर दोन-तीन खेपांनी हाताने तपासा. बाइंडिंगच्या चकतीखाली कण गेले की ती पूर्ण बसत नाही आणि स्क्रू ढिले होत जातात. घट्ट करण्याआधी चकती उचलून खालची वाळू फुंकून टाका, नाहीतर आटे खराब होतात.

बोर्ड उन्हात बंद गाडीत ठेवू नका, थर सुटतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, समुद्रकाठची वाळू असेल तर दोनदा. मग सावलीत उभा करा, आणि पोलादी कडा असतील तर त्या कोरड्या फडक्याने शेवटी हातानेच पुसा. वाळूने घासून उघड्या पडलेल्या कडेला एका रात्रीत गंज धरतो.